टर्बोच्या डोक्यावर बर्फ

'टर्बो' हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कुठे वाचलात? बहुतेकांचं उत्तर एकच असणार – घाटात आपल्या पुढे रखडत चाललेल्या ट्रकच्या पाठीवर, 'हॉर्न ओके प्लीज'च्या आसपास कुठेतरी. ट्रक धापा टाकतोय आणि पाठीवर लिहिलंय 'टर्बो', यावरून आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाचकळ विनोद केलेले आहेत. पण खरं सांगू? टर्बोचं सगळ्यात मोठं काम मुळी उंचावरच असतं. डोंगरावर जी विरळ हवा लागते, तिच्यावरचा तो उतारा आहे.

टर्बोचं पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीचं, १९०५ सालचं. पण त्याची खरी परीक्षा झाली १९१८ मध्ये, अमेरिकेत. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस नावाच्या इंजिनिअरने 'लिबर्टी' हे विमानाचं इंजिन उचललं आणि थेट कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर नेऊन ठेवलं. उंची ४,३०० मीटर. खाली साडेतीनशे हॉर्सपॉवर देणारं इंजिन वर जाऊन २३० वर आलं. मग टर्बो चालू केला. ३५६! ज्या विमानासाठी हा सगळा खटाटोप होता, ते जमिनीवरून उडवायच्या आधीच काम फत्ते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे त्याच रॉकी पर्वतराजीत, शंभर वर्षांनंतर, दर हिवाळ्यात हजारो लोक हाच प्रयोग वीकेंडला करत असतात. विमानाच्या इंजिनावर नाही, स्नोमोबाइलवर.

गुलमर्गला जाऊन आलेल्यांना स्नोमोबाइल म्हणजे काय हे सांगायला नको. पुढे दोन स्की, मागे दात असलेला रबरी पट्टा आणि वर बाइकसारखी सीट. गुलमर्गमध्ये आपण ड्रायव्हरच्या मागे बसतो, दहा मिनिटांची चक्कर मारतो, फोटो काढतो आणि कहवा प्यायला पळतो. इथे, म्हणजे अमेरिकेतल्या युटाह राज्यात, हा गंमतीचा मामला नाही. मी चार वर्षांपूर्वी पुण्याहून सॉल्ट लेक सिटीत आलो, एका सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर. पहिल्याच हिवाळ्यात लक्षात आलं, की सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी आयपीएलसारखी चर्चा चालते ती बर्फाची. कुठे किती इंच पडला, कोण कुठे अडकला, कोणाचं 'स्लेड' कुठल्या चढावर दमलं. स्नोमोबाइलला इथे लाडाने स्लेड म्हणतात. युटाहच्या गाड्यांच्या नंबर प्लेटवरही 'पृथ्वीवरचा सर्वोत्तम बर्फ' अशी जाहिरात असते, म्हणजे बघा.

या यंत्राच्या जन्माची गोष्ट मात्र अजिबात मजेची नाही. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए नावाचा एक मेकॅनिक होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाने बंद, हॉस्पिटल गाठता आलं नाही. घरामागच्या शेडमध्ये बर्फावर चालणारं वाहन होतं, पण अर्धवट जोडलेलं. त्यानंतर त्याने ते पुरं केलं. त्यातून आधी मोठ्या बर्फगाड्या आल्या आणि १९५९ मध्ये एकट्या-दुकट्याने चालवायची 'स्की-डू'. आज जी मंडळी 'किती हॉर्सपॉवर?' हा प्रश्न सोडून दुसरं काही विचारत नाहीत, त्यांच्या छंदाचं मूळ 'वेळेवर घरी किंवा हॉस्पिटलात पोहोचता येईल का?' या प्रश्नात आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पातळ हवा, जाड बिल

साधा हिशेब असा. दर हजार फुटांना इंजिन साधारण तीन टक्के ताकद गमावतं. दहा हजार फुटांवर, म्हणजे तीन हजार मीटरवर, तीस टक्के गायब. पैसे मोजले १६५ हॉर्सपॉवरचे, मिळाली ११५. आणि नेमका इथला उत्तम बर्फ असतो तो त्याच उंचीवर. कंबरभर भुसभुशीत बर्फात मशीन तरंगतं ते पट्ट्याच्या वेगावर. वेग पडला की मशीन पोटापर्यंत रुतलं. मग फावडं काढा आणि खणत बसा.

म्हणून टर्बो. कितीतरी वर्षं हा गॅरेजवाल्यांचा धंदा होता. कोणाचं तरी साधं मशीन घ्यायचं, त्याला टर्बो किट लावायचं आणि देवाचं नाव घेऊन किक मारायची. मग कंपन्यांनाही यात पैसा दिसला. स्की-डूने २०२० च्या मॉडेलमध्ये टू-स्ट्रोक इंजिनाला कारखान्यातूनच टर्बो बसवून दिला आणि आठ हजार फुटांपर्यंत १६५ हॉर्सपॉवर कायम राहील असं सांगितलं. पोलारिसचा टर्बो २०२१ च्या मार्चमध्ये जाहीर झाला. ही मशिन्स वीस हजार डॉलरच्या घरात जातात. त्यामुळे जुनं चांगलं मशीन आहे, हात चालतात आणि बायको अजून बोलते आहे, अशा मंडळींचा गॅरेजमधला उद्योग आजही जोरात आहे.

माझा टीम लीड त्यांपैकीच एक. आयडाहोच्या खेड्यात वाढलेला, पन्नाशीला आलेला, मीटिंगमध्ये तीन वाक्यांवर चौथं न बोलणारा माणूस. त्याच्याकडे जपानी बनावटीचं तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक स्लेड आहे. मूळ ताकद १३० हॉर्सपॉवर. त्याने त्यावर टर्बो चढवला, हवेचा दाब १० पीएसआयने वाढवला आणि तीन हजार मीटरवरही १७० च्या आसपास पोहोचला. इथवर सगळं भन्नाट.

आता भानगड. सायकलमध्ये हवा भरताना पंपाच्या टोकाला हात लावून बघितलाय कधी? चटका बसतो. हवा दाबली की तापते, दुसरा इलाज नाही. टर्बो म्हणजे मिनिटाला लाखभर फेरे घेणारा पंप. तीन हजार मीटरवर हवेचा दाब मुळातच समुद्रसपाटीच्या सत्तर टक्के. त्यात १० पीएसआय घालायचे म्हणजे हवा जवळजवळ दुप्पट दाबावी लागते. बाहेर उणे १० अंश आहे असं धरा. टर्बोतून बाहेर पडणारी हवा असते सत्तर-पंचाहत्तर अंशांची! हेच १० पीएसआय मुंबईच्या उंचीवर, तितक्याच थंड हवेत दाबले असते, तर पन्नासच्या आसपास थांबलं असतं. म्हणजे डोंगर जितका उंच आणि हवा जितकी विरळ, तितका टर्बो जास्त तापवणार. बाहेर नाक गोठतंय आणि आत भट्टी पेटलीय.

तापलेली हवा फुगते. त्याच जागेत प्राणवायू कमी मावतो, म्हणजे टर्बोने कमावलेलं अर्धंमुर्धं तिथेच खर्च. पण ते परवडलं. खरा धोका 'नॉकिंग'चा. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीने शिस्तीत पेटायच्या ऐवजी, उष्णतेने कोपऱ्यात आपलं आपण फुटतं. पिस्टनवर हातोडे पडायला लागतात. त्यात इथल्या डोंगराळ राज्यांत साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं आणि प्रीमियम म्हणून जे विकतात ते ९१ चं. टर्बोवाल्यांना तेही पुरत नाही, म्हणून काही जण रेसिंगचं किंवा विमानाचं इंधन भरतात. महाग आणि दर वेळी मिळेलच असं नाही.

यावरचा उपाय म्हणजे इंटरकूलर. टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये एक रेडिएटरसारखी जाळी. तापलेली हवा जाळीच्या आतून जाते, बाहेरून गार वारा लागतो. आपल्याकडच्या डिझेल गाड्यांच्या बॉनेटवर जे नाक असतं ना, त्यातली बरीच या इंटरकूलरला वारा घालायलाच असतात. गाडीला हे चालतं, कारण गाडी रस्त्यावर शंभरने पळते आणि वारा फुकट असतो.

बर्फात मात्र हा वारा-पद्धतीचा इंटरकूलर भलतीकडेच मार खातो. दाट झाडीत, चढावर स्लेडचा खरा वेग माणूस धावेल इतकाच असतो. पट्टा ताशी ऐंशीने फिरतोय आणि मशीन विसाने सरकतंय! म्हणजे वारा नाहीच. त्यात भुसभुशीत बर्फाचा ढग उडतो आणि जाळीच्या तोंडावर जाऊन बसतो. थोडा वितळतो, पुन्हा गोठतो आणि जाळीवर पांढरं प्लॅस्टर चढतं. चारही बाजूंना बर्फच बर्फ आणि इंटरकूलर गुदमरून तापतोय. याला म्हणतात नशीब.

त्या रात्री काय झालं

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत माझा लीड आणि त्याची मुलगी – तेव्हा ती सोळा वर्षांची होती – युइंटा डोंगरात गेले होते. सॉल्ट लेकपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर कामास नावाचं गाव आहे. तिथून निघणारा मिरर लेक हायवे हिवाळ्यात गाड्यांना बंद होतो आणि स्लेडचा रस्ता बनतो. तो चढत चढत ३,२५० मीटरच्या आसपास जातो. तिच्याकडे स्वतःचं छोटं मशीन, त्याच्याकडे टर्बो.

दुपारी चारच्या सुमाराला, लागोपाठ तिसरा चढ घेताना त्याच्या इंजिनातून खडखडाट आला आणि सगळं शांत झालं. ते एका ओढ्याच्या खोलगट खोऱ्यात होते. बाहेर पडायचं तर भुसभुशीत चढ चढून. मुलीच्या छोट्या मशीनवर दोघं बसले, दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा रुतले. तिला एकटीला पाठवता आलं असतं. ती जायला तयारही होती. पण अंधार पडत होता आणि वाटेत उतार असे होते, की ज्यांच्याखालून एकट्या माणसाने जाऊ नये.

"मी गणित केलं," त्याने मला सांगितलं. "इंजिन मेलंय हे परवडतं. तिला नजरेआड करणं परवडत नव्हतं."

सॅटेलाइट मेसेंजरवरून निरोप गेला. दोघांनी एका मोठ्या झाडाखाली खड्डा खणला, खाली फांद्या टाकल्या, जाळ केला. पारा उणे अठरा. मदतीला निघालेले स्वयंसेवक पोहोचले तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. दोघांनाही काही झालं नाही, फक्त मुलीच्या पायाची दोन बोटं पुढचे कित्येक आठवडे बधिर होती. इंजिन उघडलं तेव्हा एका पिस्टनची कड तुटलेली आणि माथा वाळू मारल्यासारखा खरबरीत. नॉकिंगची सही. आणि त्या इंटरकूलरच्या तोंडावर, दुसऱ्या दिवशी मशीन ओढून आणलं तेव्हाही, दोन बोटं जाड बर्फाची लादी होती.

त्यानंतर मुलीच्या आईने शांतपणे फतवा काढला: मुलगी या मशीनबरोबर पुन्हा डोंगरात जाणार नाही. "आकडे दाखवा. मग बघू." या बाई एका बँकेत रिस्क विभागात काम करतात. त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही.

पाण्याचा मार्ग

लीडने दोन गोष्टी करता आल्या असत्या. टर्बो काढून टाकायचा, किंवा हवा थंड करायची दुसरी पद्धत शोधायची. त्याने दुसरी निवडली आणि मागच्या ऑक्टोबरमध्ये मला गॅरेजमध्ये बोलावलं. माझं काम वायरिंगचं आणि तापमान नोंदवणाऱ्या सर्किटचं. मला वाटलं होतं दोन संध्याकाळी पुरतील. डिसेंबर उजाडला.

कल्पना जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये आलेल्या 'स्पिटफायर' विमानाच्या नव्या मॉडेलमध्ये रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं. त्यात हवा दोन टप्प्यांत दाबली जायची आणि मग पाणी खेळवलेल्या कूलरमधून जायची. गरम हवा वाऱ्याने नाही, पाण्याने थंड करायची आणि ते पाणी दुसरीकडे नेऊन गार करायचं. उष्णता इथून उचलायची, तिथे टाकायची.

पाणीच का? कारण एक लिटर पाणी एका अंशाने तापायला जेवढी उष्णता खातं, तेवढ्यात साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापते. त्यामुळे पाण्याचा कूलर लहान होतो, डब्याएवढा. त्याला वारा लागत नाही, म्हणून तो बॉनेटच्या आत, टर्बोच्या शेजारी, बर्फापासून लांब बसवता येतो. नळ्याही आखूड होतात आणि अंगठा दाबल्यावर ताकद यायला लागणारा वेळ कमी होतो.

आणि ती उष्णता टाकायची कुठे? बर्फात! स्नोमोबाइलचं इंजिन मुळातच असं थंड होतं, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. पुढे रेडिएटर असा नसतोच. पट्ट्याच्या वर जे उलट्या पन्हाळीसारखं अॅल्युमिनियमचं छत असतं, त्याला आतून चपटे पोकळ पाइप लावलेले असतात. पट्टा फिरताना बर्फ वर उडवतो, तो या पाइपांवर आपटतो, वितळतो आणि आतलं पाणी गार करतो. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. आमच्या हिशेबाने इंटरकूलरला पूर्ण थ्रॉटलवर ५ ते ६ किलोवॅट उष्णता बाहेर काढायची होती, म्हणजे घरचे दोन गिझर एकदम चालू. एवढी उष्णता गिळायला मिनिटाला साधारण एक किलो बर्फ पुरतो. पट्टा त्याच्या कितीतरी पट उडवतो.

मग इंजिनाच्याच पाण्यात हा कूलर जोडून टाकला तर? माझा पहिला प्रश्न हाच होता. त्याने हातानेच 'नाही' म्हटलं. इंजिनाचं पाणी स्वतःच साठ-सत्तर अंशांवर असतं, त्याने पंचाहत्तर अंशांची हवा काय कपाळ गार होणार! म्हणून इंटरकूलरचं पाणी स्वतंत्र, त्याचा पंप स्वतंत्र आणि बर्फाखालचा पाइपही स्वतंत्र. तीनही गोष्टी नव्याने बसवायच्या.

इथे खरी मजा सुरू झाली. बर्फाखालचा जास्तीचा पाइप छताच्या मागच्या भागात रिव्हेट करायचा ठरला. पण पट्ट्यावरचे दात अडीच इंच उंच आणि वेगात पट्टा फुगतो. पाइप अर्धा इंच जरी खाली आला, तरी पहिल्याच चढाला पट्टा त्याला सोलून काढणार. कार्डबोर्डचे तुकडे कापून, पट्टा हाताने फिरवून, आम्ही दोन संध्याकाळी नुसती जागा मोजली. अॅल्युमिनियममध्ये भोक पाडण्याआधी त्याने प्रत्येक भोकावर मार्करने फुली मारली, त्यावर परत टेप लावली आणि मग कॉफी प्यायला आत गेला. "भोक परत भरता येत नाही," एवढंच.

पंप विजेवर चालणारा, बारा व्होल्टचा. तो स्वतः पाणी ओढून घेत नाही, त्याच्या तोंडाशी पाणी आधीच असावं लागतं, म्हणून तो सगळ्यात खाली. भरायची टाकी सगळ्यात वर. नळ्या पाऊण इंची. पाण्यात निम्मं ग्लायकोल, म्हणजे उणे सदतीसपर्यंत गोठायची भीती नाही. आमच्या मशीनला बॅटरी होती म्हणून बरं. डोंगरातली कितीतरी टू-स्ट्रोक स्लेड दोरी ओढून चालू होतात आणि त्यांच्यात बॅटरीच नसते, त्यांना असा पंप चालवायचा म्हणजे विजेची ओढाताण.

आणि हवेचे बुडबुडे! पाणी भरलं, पंप लावला, नुसताच गुरगुरला. वरच्या वळणात हवा अडकलेली. मग मशीनचं तोंड जॅकने वर, मग शेपूट वर, मग एका अंगावर. आजारी म्हशीला औषध पाजावं तसा प्रकार दीड तास चालला. शेवटी टाकीतून 'डब्' असा आवाज आला आणि पाणी फिरायला लागलं. त्या क्षणी आम्ही दोघांनी जे हायफाइव्ह केलं, तसं ऑफिसात कुठल्याही रिलीजला केलेलं नाही.

मग सगळ्या हवेच्या नळ्या बंद करून आत सायकलच्या पंपाने २० पीएसआय हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं. एका जोडाला बुडबुडे आले. क्लॅम्प बदलला. सगळा जोडधंदा मिळून वजन सात किलोने वाढलं, जुना इंटरकूलर काढल्याने तीन किलो गेलं. निव्वळ चार. डोंगरातली मंडळी ग्रॅमवर भांडतात, त्यामुळे हे चार किलो त्याच्या जिवाला लागले. मला विचाराल तर दोघांनी मिळून ख्रिसमसला त्यापेक्षा जास्त कमावलं होतं.

या पद्धतीला मर्यादा नाहीत असं नाही. चार लिटर पाणी पूर्ण थ्रॉटलवर, वरून थंडावा न मिळता, मिनिटाला वीस-बावीस अंशांनी तापतं. म्हणजे बर्फ पाइपावर पडायचा थांबला, की तुमच्याकडे मोजून मिनिटभर वेळ असतो. गोठलेल्या तळ्यावर सरळ रेषेत शर्यत लावणाऱ्यांकडे उडणारा बर्फच नसतो, तर ते सरळ टाकीत बर्फाचे खडे भरतात. काही सेकंदांची शर्यत, तेवढं पुरतं. आम्हाला दिवसभर फिरायचं होतं.

आकडे

जानेवारीतला शनिवार. सकाळी सहाला कामासच्या पेट्रोल पंपावर. मुलगी बरोबर नव्हती. फतवा अजून लागू होता. मी भाड्याच्या मशीनवर, त्याचा एक जुना मित्र तिसऱ्या मशीनवर. निघायच्या आधी युटाह अॅव्हलाँच सेंटरचा त्या दिवसाचा अंदाज वाचला. पाच पायऱ्यांपैकी तिसरी, म्हणजे हिमस्खलनाचा बऱ्यापैकी धोका. प्रत्येकाच्या अंगावर बीकन, पाठीवर फावडं आणि काठी. ते सगळं असूनही त्याने ठरवलं, की तीस अंशांहून कमी उताराच्या कुरणांपलीकडे जायचं नाही, आणि वरून दुसरा तीव्र उतार डोक्यावर येईल अशा ठिकाणीही नाही. बहुतेक स्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात.

इथे एक कबूल करायला हवं, आणि स्लेडवाले ते फारसं बोलत नाहीत. टर्बोने माणूस पूर्वी जिथे पोहोचू शकत नव्हता तिथे पोहोचतो. कोण सर्वांत वर जाऊन वळतो, हा इथला आवडता खेळ आहे आणि त्यात दर हिवाळ्यात माणसं गाडली जातात. इंटरकूलर पिस्टन वाचवतो, उतार वाचत नाही. मला स्वतःला हा खेळ आवडत नाही आणि लीडला त्या रात्रीनंतर आवडेनासा झालाय.

कुरणातला बर्फ मांडीभर होता. कमी उतार असला तरी अशा बर्फात पूर्ण थ्रॉटल देऊन चढत राहिलं की इंजिनाला पुरेसा घाम फुटतो. बाहेर उणे नऊ. माझं सर्किट सीटखाली प्लॅस्टिकच्या डब्यात, चार सेन्सर: टर्बोनंतरची हवा, कूलरनंतरची हवा, कूलरमध्ये जाणारं पाणी, बाहेर पडणारं पाणी.

पहिला चढ, पस्तीस सेकंद. टर्बोनंतर ७२, कूलरनंतर २४. दुसरा, लगेच मागोमाग: ७५ आणि २७. तिसरा: ७६ आणि २९. तो मधे न थांबता फिरत राहिला. पाचव्या चढाला, टर्बोनंतर ७८ असताना इंजिनात जाणारी हवा ३१ अंश होती. जुन्या इंटरकूलरबरोबर काय होत असे याचीही एक नोंद आमच्याकडे होती. नोव्हेंबरअखेरच्या पहिल्या बर्फात, इंजिन नवं आणि दाब कमी ठेवून, आम्ही मुद्दाम ती घेतली होती. तिसऱ्याच चढाला ६० च्या पुढे. पंचाहत्तर आणि तीस अंशांच्या हवेत घनतेचा फरक पंधरा टक्क्यांचा पडतो. पण त्याने ताकदीबद्दल एक शब्द काढला नाही. तो फक्त विचारत होता, "पाचव्याला किती?"

परतीच्या वाटेवर एक वाईट बातमी मिळाली. हायवे रोलर फिरवून कडक केलेला असतो, बर्फ उडतच नाही. पाणी हळूहळू चढायला लागलं, चाळीसच्या पलीकडे. त्याने पट्ट्याच्या बाजूच्या स्प्रिंगच्या दोन तारा खाली सोडल्या. त्या बर्फ खरवडून पट्ट्यावर उडवतात. दहा मिनिटांत पाणी अठरावर. कडक वाटेवर या तारा विसरायच्या नाहीत, अशी चिठ्ठी आता हँडलवर चिकटवलेली आहे.

रविवारी संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात मी लॅपटॉप उघडला. ग्राफ पाहायला मुलगी खुर्चीच्या पाठीवरून वाकली होती, मी काय बोलतोय यापेक्षा आईचा चेहरा वाचत. आईने चारही रेषा बघितल्या, बोटाने पाचव्या चढावर थांबल्या, मग मागे जाऊन कडक रस्त्यावरचा चढता भाग बघितला. मला वाटलं कौतुक करतील.

"आणि हा पंप बंद पडला तर?"

गॅरेजमध्ये तीन महिने घालवलेल्या दोन इंजिनिअरांकडे उत्तर होतं, पण ते मशीनवर बसवलेलं नव्हतं. पंप थांबला तर हवा दीड-दोन मिनिटांत जुन्या आकड्यांवर जाणार आणि चालवणाऱ्याला कळणारही नाही. मुलीनेच कागद ओढला. पाण्याचं तापमान पंचेचाळीस झालं की हँडलवर लाल दिवा, पंचावन्नला टर्बोचा दाब आपोआप कमी, म्हणजे मशीन साधं होऊन घरी येईल एवढं चालेल. शिवाय कुठेही जायचं तर कमीत कमी तीन मशिन्स. आई म्हणाली, दिवा लागतो का ते आधी तिला अंगणात पंपाची वायर काढून दाखवा.

वायर काढून दाखवायची तारीख येत्या शनिवारची ठरली आहे. दाब कमी करणारा सोलेनॉइड पोस्टाने यायचाय आणि सर्किटचा प्रोग्राम मी काल रात्री लिहून संपवला. मुलीने नवे बूट घेतलेत, एक नंबर मोठे, दोन मोजे मावतील असे.